बातमीचा विषय आणि बातमीचा कर्ता : कविता देवी आणि ‘खबर लहरिया’

कविता देवी यांच्याविषयी शहरी नियतकालिकांतून आणि व्याख्यानमंचांवरून जे बोलले जाते, त्याचा एक ठरलेला साचा आहे. बुंदेलखंडातील दलित स्त्री, बाराव्या वर्षी झालेले लग्न, अक्षरशत्रू भोवताल; मग हाती मोबाईल आला आणि चमत्कार झाला. या साच्यात कौतुक पुष्कळ आहे, परंतु ते मोबाईलचे आहे. दोन दशके बातमी लिहिणाऱ्या, दुसऱ्यांच्या बातम्या तपासणाऱ्या, अंक आणि पुढे वाहिनी चालवणाऱ्या संपादकाच्या कामाची चिकित्सा त्यात औषधालाही सापडत नाही. आम्हाला हे कौतुक नवे नाही. दलित कविता प्रथम छापली जाऊ लागली तेव्हाही ‘अनुभव दाहक आहे’ एवढे म्हणून प्रस्थापित समीक्षा मोकळी झाली होती. अनुभव आमचा आणि मूल्यमापन त्यांचे, अशी ती वाटणी होती. पत्रकारितेच्या क्षेत्रात आज तीच वाटणी पुन्हा होताना दिसते. म्हणून कविता देवींच्या कामाकडे लेखनव्यवहार म्हणून पाहणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम हे काम जिथे उभे राहिले तो प्रदेश. बांदा आणि चित्रकूट हे उत्तर प्रदेशाच्या दक्षिण टोकाचे जिल्हे. दुष्काळ, खाणी, सरंजामी जमीनदारी आणि डाकूंच्या टोळ्या यांनी घेरलेले. ददुआ या नावाची दहशत इथे २००७ मध्ये तो मारला जाईपर्यंत होती. या भागात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेला ‘महिला समाख्या’ हा सरकारी कार्यक्रम आला. त्यातून प्रौढ वयात अक्षरे गिरवणाऱ्या स्त्रियांचे ‘महिला डाकिया’ नावाचे एक पत्रक १९९० च्या दशकात निघत असे. ते बंद पडले. पण लिहू लागलेल्या हाताला पुन्हा रिकामे बसणे जड जाते. ‘निरंतर’ या दिल्लीतील स्त्रीशिक्षणविषयक संस्थेच्या साहाय्याने मे २००२ मध्ये चित्रकूट जिल्ह्यातील कर्वी येथून ‘खबर लहरिया’ हे बुंदेली भाषेतील वृत्तपत्र सुरू झाले. कविता देवी त्याच्या संस्थापकांपैकी एक. कविता बुंदेलखंडी या नावानेही त्या ओळखल्या जातात.

इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असा एक तपशील आहे. हा चित्रकूट जिल्हा बांद्यापासून वेगळा झाला तो ६ मे १९९७ रोजी, म्हणजे राजर्षी शाहूंच्या स्मृतिदिनी, आणि मायावतींच्या सरकारने त्याला नाव दिले होते छत्रपती शाहूजी महाराज नगर. सप्टेंबर १९९८ मध्ये पुढच्या सरकारने ते नाव पुसून चित्रकूट केले. ज्या शाहू महाराजांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’साठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, त्यांचे नाव धारण केलेल्या आणि मग गमावलेल्या जिल्ह्यात चार वर्षांनी दलित स्त्रियांच्या पुढाकाराने वृत्तपत्र निघावे, याला योगायोगच म्हणावे लागेल. पण नाव पुसण्याची घाई आणि आवाज उमटण्याची चिकाटी एकाच भूमीत शेजारी शेजारी नांदत होती, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

‘खबर लहरिया’चे छापील रूप कसे होते? अक्षरे मोठी, नवसाक्षराला बोट ठेवून वाचता यावीत अशी. भाषा बुंदेली. ज्या बोलीत लोकगीते होती पण वर्तमानपत्री गद्याची परंपरा नव्हती, त्या बोलीत पंचायतीचा ठराव, मजुरीचा दर, रुग्णालयातील मृत्यू यांविषयी लिहायचे म्हणजे वाक्यसुद्धा नव्याने घडवावे लागते. आम्हा मराठी दलित लेखकांना प्रमाणभाषेशी झालेले भांडण ठाऊक आहे. मात्र आमचे भांडण बहुतांशी कविता, कथा आणि आत्मकथन यांच्या प्रांतात झाले. अग्रलेख आणि बातमी आम्ही प्रमाण मराठीतच लिहीत राहिलो. इथे या स्त्रियांनी जे केले ते अधिक धाडसाचे होते, कारण बोलीतील कविता लोक ‘मातीचा गंध’ म्हणून हुंगतात, पण बोलीतील बातमी तहसीलदाराच्या टेबलावर गेली की तिचा अधिकारच मान्य होत नाही. तो अधिकार त्यांनी मिळवला. पुढे अवधी, भोजपुरी, बज्जिका अशा भाषांतही आवृत्त्या निघाल्या. २००४ मध्ये पत्रकार स्त्रियांसाठीचा चमेलीदेवी जैन पुरस्कार आणि २००९ मध्ये युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार या पत्राला मिळाला. दुसऱ्या पुरस्काराचे नाव पाहा. साक्षरता! जगाच्या दृष्टीने हे अजूनही अक्षर शिकलेल्या बायकांचे पत्र होते. पत्रकारितेचा न्याय त्यांना तिथेही पुरता मिळाला नाही.

वार्ताहर स्त्रिया बातमी आणत, लिहीत, एकत्र बसून अंक तयार करीत आणि तोच अंक गावोगाव पायी हिंडून विकत. या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. जिने सरपंचाविरुद्ध लिहिले तिलाच सरपंचाच्या गावात अंक घेऊन जायचे आहे. चुकीचा आकडा छापला तर त्याचा जाब संपादकीय कार्यालयाला विचारला जात नाही, पारावर उभ्या असलेल्या तिला विचारला जातो. पुण्या-मुंबईच्या पत्रकारितेत ज्याला पडताळणी म्हणतात, ती इथे नीतीचा भाग होण्याआधी जगण्याची अट होती. दलित स्त्रीच्या शब्दावर विश्वास न ठेवण्याची समाजाला हजारो वर्षांची सवय आहे. तिचा एक तपशील चुकला की सगळी बातमी खोटी ठरते. म्हणून दोन्ही बाजू विचारायच्या, अधिकाऱ्याचे म्हणणे घ्यायचे, कागद पाहायचा. या बातम्यांत विशेषणे कमी असण्याचे कारण हेच आहे असे मला वाटते. हातपंप किती दिवस बंद आहे, रोजगार हमीची मजुरी किती महिन्यांची अडकली, रस्ता कुठपर्यंत आला आणि दलित वस्तीच्या किती अलीकडे थांबला. आक्रोश नाही. मोजमाप आहे.

आणि इथे आपल्या समीक्षेसमोर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. मराठी दलित साहित्याची समीक्षा आपण ‘मी’ भोवती उभी केली. आत्मकथनाने आपल्याला ‘मी’ दिला, आणि तो मिळवण्यासाठी काय मोजावे लागले हे बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’पासून उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’पर्यंत आपण वाचले आहे. ‘खबर लहरिया’च्या छापील अंकांत मात्र बातमीखाली लिहिणारीचे नाव नसे. बातमी पत्राची असे. त्यात सुरक्षिततेचा हिशोब होता, हे उघड आहे. पण त्याचा वाङ्मयीन परिणामही झाला. सामूहिक उत्तरदायित्वाचे असे गद्य तयार झाले की ज्यात लेखिकेचे दुःख कुठेही पुढे येत नाही, आणि तरी प्रत्येक ओळीत तिची नजर असते. बातमीतली विधवा ही कोणाची तरी ‘केस’ नसते. लिहिणारीला तिचे घर ठाऊक असते. या गद्याला आपण साहित्य म्हणणार की नाही? ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याला लिहून काढावे लागले, ते गद्य आज आपण मराठी निबंधाच्या इतिहासात मानाने घेतो. ‘जनता’त गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पाठवलेले सभांचे वृत्तांत, अन्यायाची पत्रे मात्र संशोधकाची साधनसामग्री होऊन पडली. त्यांचे लेखक आपल्याला लेखक वाटले नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधू’चे संपादन करणाऱ्या तानूबाई बिर्जे यांचे नाव माझ्या पदव्युत्तर वर्गात एकदाही उच्चारले गेले नाही. कविता देवींचे काम समजून घ्यायचे तर प्रथम ही आपली उतरंड मोडावी लागेल.

माझ्या घरात वर्तमानपत्र येत असे ते किराणा दुकानाच्या पुडीतून. साखर डब्यात ओतली की तो कागद मी वाचत असे. त्यात आमच्या वस्तीचे नाव कधी दिसलेच तर ते भांडण, साथ नाहीतर दारूची धाड यांच्या संदर्भात. आमच्यातला कोणी ती बातमी लिहीत असेल, ही कल्पनाच मनात येत नसे. आणि ती कल्पना चुकीचीही नव्हती. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत दलित पत्रकार शोधण्याचा प्रयत्न केला आणि अधिस्वीकृतीधारकांच्या यादीत त्यांना एकही सापडला नाही. २००६ मध्ये दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांतील ३१५ वरिष्ठ निर्णयकर्त्यांचे सर्वेक्षण झाले; त्यात एकही दलित वा आदिवासी नव्हता. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री अहवालात नेतृत्वाची १२१ पदे पाहिली गेली, त्यांपैकी १०६ सवर्णांकडे होती आणि अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. तंत्र बदलले, छपाई गेली, पडदा आला. शून्य जागचे हलले नाही. कविता देवींची ओळख एडिटर्स गिल्डच्या दलित सदस्य अशी मुद्दाम करून दिली जाते. ही ओळख त्यांच्यापेक्षा गिल्डविषयी अधिक सांगते.

आता एक आक्षेप. चळवळीतील काही मित्र विचारतात की हे पत्र शेवटी दिल्लीच्या संस्थेने, अनुदानाच्या पैशावर उभे केले ना? मग त्यात दलित स्त्रीचे कर्तृत्व किती? आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. शिकवणारे सवर्ण, शिकणाऱ्या दलित, आणि यशाची गोष्ट परिषदांतून सांगणारे पुन्हा सवर्ण, हे दृश्य आपण पुष्कळ पाहिले आहे. परंतु साहाय्य कोठून आले एवढ्यावर निवाडा करायचा तर ‘मूकनायक’च्या अडीच हजारांचे काय करायचे? कसोटी निराळी हवी. बातमी कोणती हे कोण ठरवते? वाक्य कोण कापते? ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती, ठरवण्याची सत्ता म्हणतात ती ही. ‘खबर लहरिया’त ती सत्ता क्रमाक्रमाने हातबदल करत गेली. २०१२ च्या सुमारास पत्र ‘निरंतर’पासून स्वतंत्र झाले. कविता देवी डिजिटल आवृत्तीच्या संपादक झाल्या, पुढे मुख्य संपादक. चौदाव्या वर्षी लग्न झालेल्या आणि नंतर राज्यशास्त्रात एम. ए. केलेल्या मीरा देवी व्यवस्थापकीय जबाबदारीवर आल्या. हा प्रवास पूर्ण झाला असे मी म्हणणार नाही. इंग्रजी जगाशी बोलणे, निधी आणणे, करार करणे ही कामे ज्यांना करता येतात त्यांच्याकडे सत्तेचा एक तुकडा राहतोच. पण कोणत्या गावाला कोणी जायचे आणि परतल्यावर कोणाला काय विचारायचे, हे कर्वीत आणि बांद्यात ठरते. माझ्या लेखी निर्णायक ते आहे.

२०१३ मध्ये संकेतस्थळ सुरू झाले. २०१५ नंतर छापील अंक थांबला आणि सारा भर चलत्चित्रावर आला. कारणे व्यवहाराची होती. छपाई आणि वाटपाचा खर्च पेलेना, अनुदाने आटली. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि गावातल्या तरुणाच्या हातात पडदा आला. वार्ताहर स्त्रियांच्या हाती जे फोन आले त्यांवरची कळफलकाची अक्षरे इंग्रजी होती. एकीच्या घरी फोन भारित करायला वीजही नव्हती. तरी त्या शिकल्या. आधी अक्षर, मग वाक्य, मग बातमी, मग छायाचित्रण, मग पडद्यासमोर उभे राहणे. एका आयुष्यात पाच-सहा पिढ्यांचे अंतर तोडणे म्हणतात ते हे. कविता देवी स्वतः पडद्यावर आल्या आणि आपल्या नावाच्या कार्यक्रमात थेट प्रेक्षकाशी बोलू लागल्या. छापील अंकात जिचे नाव नव्हते, तिचा चेहरा आता समोर होता.

या स्थित्यंतराचे नुसते गोडवे गाणे मला मान्य नाही. चेहरा दिसू लागला तसे हल्लेही बदलले. २०१५ मध्ये एक इसम वेगवेगळ्या क्रमांकांवरून या वार्ताहर स्त्रियांना महिनोन्‌महिने अश्लील फोन करीत होता आणि पोलीस ढिम्म होते. अखेर एकीने जाहीरपणे लिहिले, बोभाटा झाला, तेव्हा अटक झाली. ज्या साधनाने आवाज दूरवर गेला त्याच साधनाने घाण घरात आली. वाचकाचा प्रश्न तर याहून अवघड आहे. छापील अंक गावात एकाने वाचावा आणि दहांनी ऐकावा, त्यात स्त्रिया असत. फोन मात्र एकाच्या खिशात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल आहे. म्हणजे जिच्यासाठी मोठ्या अक्षरातले पत्र निघाले होते, तिला आता नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनची वाट पाहावी लागते. प्रेक्षकसंख्या वाढली हे खरे. पण कोणता प्रेक्षक आला आणि कोणती वाचक गेली, हा हिशोब कौतुकाच्या भाषणांत कोणी मांडत नाही.

मालकीचाही प्रश्न आहे. बाबासाहेबांनी वृत्तपत्राबरोबर छापखाना उभा करण्याची धडपड का केली? कारण दुसऱ्याच्या यंत्रावर छापले जाणारे पत्र दुसऱ्याच्या मर्जीवर जगते. आजचा यंत्रमालक कॅलिफोर्नियात बसतो. कोणता व्हिडिओ कोणापुढे ठेवायचा हे त्याचे गणित ठरवते, आणि त्या गणिताला हातपंपाची बातमी फारशी रुचत नाही. गावातला खून त्याला रुचतो. या दडपणाखाली ‘खबर लहरिया’चा मजकूर बदलला का? काही अंशी बदलला. मथळे चढे झाले, वादाचे विषय वाढले. तरीही मजुरी, रेशन, पाणी, रस्ता हा कणा त्यांनी सोडला नाही. हे टिकवणे ही मला कविता देवींच्या संपादनाची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. फोन हाताळणे कोणीही शिकते.

रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२१ मध्ये सनडान्स महोत्सवात गाजला आणि २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम नामांकनात पोचला. तो मी दोनदा पाहिला. मीरा देवींची प्रश्न विचारण्याची रीत त्यात फार चांगली टिपली आहे. तलवार बाळगणाऱ्या हिंदू युवा वाहिनीच्या तरुणासमोर त्या वाद घालत नाहीत, आवाज चढवत नाहीत. आणखी एक साधा प्रश्न विचारतात, आणि तो बोलत जातो. दूरचित्रवाणीवर रोज रात्री चालणाऱ्या कोंबड्यांच्या झुंजीपुढे ही रीत ठेवून पाहावी, म्हणजे मुलाखत म्हणजे काय ते कळेल. माझ्या विद्यार्थिनींना मी तो प्रसंग दाखवला तेव्हा एकीने विचारले, ‘सर, त्यांना भीती वाटत नाही का?’ दुसरी म्हणाली, ‘वाटते, म्हणून तर हळू बोलतात.’

पण माहितीपटाने ‘खबर लहरिया’ केवळ दलित स्त्रियांचे पत्र म्हणून जगापुढे मांडले. वास्तविक तिथे आदिवासी, मुस्लिम, मागासवर्गीय स्त्रियाही पहिल्यापासून काम करीत आल्या आहेत. आपल्या परिभाषेत बोलायचे तर ती बहुजन स्त्रियांची आघाडी आहे. एकाच जातीची वीरकथा जगाला सोपी जाते, आघाडी सोपी जात नाही. यापेक्षा महत्त्वाचे ते पुढे घडले. ऑस्करच्या सोहळ्याला जेमतेम आठवडा राहिला असताना, मार्च २०२२ मध्ये, ‘खबर लहरिया’ने एक निवेदन काढले. चित्रपट प्रभावी आहे हे मान्य करून त्यांनी म्हटले की आमचे पत्र एकाच राजकीय पक्षाच्या वार्तांकनाने झपाटलेले आहे असे जे चित्र त्यात उभे राहते ते बरोबर नाही. आमची कहाणी त्यात अर्धीच आली आहे.

या निवेदनावर पुरोगामी वर्तुळांत नाराजी उमटली. भीतीपोटी काढले, अशी कुजबुज झाली. ऐन सोहळ्याच्या तोंडावर कशाला, असेही विचारले गेले. भीती असेलही. उत्तर प्रदेशच्या खेड्यात रोज कॅमेरा घेऊन हिंडायचे तिला भीती असणे हा गुन्हा नव्हे, आणि नाराज होणाऱ्यांपैकी कोणाला दुसऱ्या दिवशी बांद्याच्या पोलीस ठाण्यात प्रतिक्रिया घ्यायला जायचे नव्हते. परंतु ते निवेदन मी भीतीचा दस्तऐवज म्हणून वाचत नाही. जी वीस वर्षे दोन्ही बाजू विचारण्याचा नेम पाळते तिने स्वतःवरच्या चित्रपटालाही तोच नेम लावला. जगभर टाळ्या वाजत असताना, त्या टाळ्या आपल्यासाठी असताना, ‘यात आमचे म्हणणे अपुरे आले आहे’ असे म्हणायला जे लागते ते तिने बातमीदारीतूनच कमावले होते. आणि चित्रपटवाल्यांच्या हेतूविषयी त्या निवेदनात एक कडू शब्द नाही, हेही पाहण्यासारखे आहे.

भाषेविषयी एक निरीक्षण राहिले. अलीकडच्या व्हिडिओंत वार्ताहरांचे निवेदन पुष्कळसे हिंदीकडे झुकले आहे. दूरचा प्रेक्षक हवा तर हे होणारच, आणि छापील अंकातली ती घडवलेली बुंदेली वाक्ये मागे पडली याची हळहळ वाटते. मात्र कॅमेरा समोरच्या म्हाताऱ्या बाईकडे वळतो तेव्हा ती बुंदेलीतच बोलते, आणि संपादक तिचे बोलणे कापत नाहीत. ती अडखळते, पदर सावरते, मागचे पुन्हा सांगते. मागून वार्ताहर हिंदी सोडून तिच्याच बोलीत विचारते, ‘फिर का भओ?’ आणि ती सांगत राहते.